रोजचे नव्वद किलोमीटर आणि बदलायची गाडी : या चुका टाळा

धायरी ते चाकण, एका बाजूने ४६ किलोमीटर. नवले पुलाजवळ हायवेला लागायचं, वारजे, चांदणी चौक, बाणेर मागे टाकत वाकडला उतरायचं, तिथून नाशिक फाटा, आणि मग भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी करत आळंदी फाट्याच्या रांगेत जाऊन बसायचं. रोजचे ९२. सुट्ट्या वजा जाता वर्षाचे २५ हजार किलोमीटर होतात. माझी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १२ पासिंग, दीड लाख किलोमीटरच्या उंबरठ्यावर होती. तिचं ॲव्हरेज सतरावरून साडेबारावर आलं तेव्हा घरी जाहीर केलं की बास, आता गाडी बदलायची.

त्यानंतर प्रत्यक्ष गाडी दारात यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत काही चुका मी केल्या, काही करता करता वाचलो, आणि काही कंपनीतल्या मित्रांनी केलेल्या जवळून पाहिल्या. रोज साठ-सत्तर किलोमीटरच्या वर गाडी चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांची गाडी फक्त रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाते, त्यांनी रंग बघून घेतली तरी फारसं बिघडत नाही.

आजारी गाडीला म्हातारी समजणं

ही माझी पहिली चूक. ॲव्हरेज पडलं म्हणजे इंजिन थकलं, असं मी गृहीत धरलं. गॅरेजवाले काका म्हणाले, "साहेब, थकली असती तर धूर दिला असता, ऑइल खाल्लं असतं. ही दोन्ही करत नाही. मग पेट्रोल जातंय कुठे?"

त्यांनी मला एक साधी गोष्ट करायला सांगितली. संध्याकाळी कामावरून आल्यावर गाडी लावायची आणि लगेच चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्यायचा. लावायचा नाही, फक्त जवळ न्यायचा. पुढची दोन्ही चाकं कोमट होती. मागचं उजवं जवळपास थंड. मागचं डावं असं तापलेलं की हात आपोआप मागे आला, आणि खाली वाकल्यावर जळका वास. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. ब्रेक सोडला तरी चाकाला धरणारा ब्रेकचा शू पूर्ण सुटतच नव्हता. म्हणजे कित्येक महिने मी एका चाकाला ब्रेक लावून चाकण गाठत होतो.

दुसरी गोष्ट त्यांनी काट्यावरून पकडली. टेंपरेचरचा काटा वाकडपर्यंत, म्हणजे अठरा-एक किलोमीटर चालूनही, मधे येत नव्हता. मला उलट बरं वाटायचं की गाडी किती थंड राहते! थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडाच अडकला होता. त्यामुळे इंजिन कधी पुरेसं गरमच होत नव्हतं आणि थंडीत सुरू केल्यासारखं जास्त पेट्रोल ओढत राहायचं. केबल, मागचे ब्रेक, थर्मोस्टॅट, एअर फिल्टर आणि व्हील अलाइनमेंट असं सगळं मिळून साडेसहा हजार झाले. ॲव्हरेज साडेबारावरून साडेपंधरावर.

सतरा का नाही आलं? त्याचा थोडा दोष पेट्रोलचाच आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. म्हणजे शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर या मिश्रणात सहा-सात टक्के कमी जीव आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या मिश्रणासाठी तयार असतात. त्याआधीच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील एकदा तपासून घ्यावेत. पण इथेनॉलमुळे सतराचे सोळा होतील, साडेबारा होणार नाहीत. तेवढी घसरण दिसली की बिघाड दुसरीकडे शोधायचा. टायरमधली हवा, अडकलेला ब्रेक, थर्मोस्टॅट, घसरणारा क्लच, खराब ऑक्सिजन सेन्सर, हा शोधण्याचा क्रम. स्वस्तापासून महागाकडे.

या दुरुस्तीने माझी गाडी बदलायची टळली नाही. पण गळ्याशी आलेलं काम निवांत झालं, आणि विकताना ग्राहकाला चांगली चालणारी गाडी दाखवता आली. घाईत गाडी घेणाऱ्याला शोरूमवाले दारातूनच ओळखतात.

"किती देते?" या प्रश्नाचं उत्तर खरं मानणं

पुण्यात गाडीचं नाव विचारायच्या आधी "किती देते?" विचारतात. आणि समोरचा सांगतो तो आकडा बहुतेक वेळा गाडीच्या स्क्रीनवरचा असतो. तोसुद्धा एकदा कधीतरी सातारला जाताना दिसलेला.

ब्रोशरमधला आकडा कुठून येतो हे एकदा समजून घेतलं की त्यावर राग येत नाही. ज्या एआरएआयच्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) नावाने आपण तो ओळखतो ती १९६६ साली स्थापन झालेली संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. ठरलेल्या पद्धतीने वीसेक मिनिटं गाडी चालवली जाते, एसी बंद असतो, वेग कमाल ताशी ९०. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, त्यामुळे दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. तुमच्या खिशाचा अंदाज बांधायला नाही. गंमत म्हणजे या चाचणीच्या चक्राचं इंग्रजी संक्षिप्त नाव एमआयडीसी. कुरुळीच्या कोंडीत मे महिन्यात एसी लावून बसलेल्या माणसाने त्या नावावर जरा हसून घ्यावं.

माझा अनुभव असा की ब्रोशरच्या आकड्याचा दोन तृतीयांश ते पाऊण भाग आपल्या हाताला लागतो. नेमका किती, ते आपल्या रस्त्यावर ठरतं. म्हणून आधी जुन्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढा, कारण नव्या गाडीच्या बचतीचा पाया तोच आहे. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, "राउंड करू का?"ला नाही म्हणायचं आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा कटपर्यंत भरायचं. मधले किलोमीटर भागिले आता गेलेले लिटर. असं तीनदा. "दोन हजारचं टाका" ही सवय असेल तर हा हिशेब कधीच जुळत नाही. माझ्या डॅशबोर्डच्या खणात आता एक दोनशे पानी छोटी वही असते. बायको तिला गाडीचं प्रगतिपुस्तक म्हणते.

आता या सगळ्यातली सगळ्यात महागडी गल्लत. ॲव्हरेज पाचने वाढलं म्हणजे दरवेळी सारखीच बचत झाली, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वर्षाला २५ हजार किलोमीटर धरा आणि पेट्रोल १०४ रुपये. दहाच्या ॲव्हरेजला वर्षाला २५०० लिटर लागतं. पंधराला १६६७. विसाला १२५०. पंचविसाला १०००. म्हणजे दहावरून पंधरावर गेलात तर वर्षाला ८६ हजारांहून जास्त वाचले. पंधरावरून वीसला गेलात तर ४३ हजार. आणि वीसवरून पंचवीसला फक्त २६ हजार. पाच ते पाचच, पण वाचलेले पैसे तिसऱ्या पायरीवर एक तृतीयांशही उरत नाहीत.

आमच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याने अठरा देणारी, अवघी चार वर्षांची गाडी काढून तेवीस देणारी घेतली. फरकाचे साडेचार लाख भरले. वर्षाला वाचतात तीस हजार. ते वसूल होईपर्यंत ही नवी गाडीसुद्धा बदलायला येईल. हा हिशेब त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "पण सनरूफ आहे." मग ठीक आहे. सनरूफसाठी घेतली म्हणायला हरकत नाही, ॲव्हरेजसाठी घेतली म्हणू नये.

तेव्हा किलोमीटर प्रति लिटर विसरा. दोन्ही गाड्यांचे वर्षाचे लिटर काढा, त्याचे रुपये करा, आणि ऑन रोड किमतीतल्या फरकाला वर्षाच्या बचतीने भागा. किती वर्षांत वसूल, ते समोर येतं.

गॅस, वीज, हायब्रिड, डिझेल

सीएनजीपासून सुरू करतो, कारण चाकण-रांजणगावला जाणाऱ्यांची पहिली ओढ तिकडेच असते. तिथली पहिली चूक म्हणजे किलो आणि लिटर एकाच तराजूत घालणं. गाडी पेट्रोलवर चोवीस देते आणि गॅसवर चौतीस, म्हणून गॅसवर इंजिन जास्त कार्यक्षम झालं, असं नाही. एक किलो गॅसमध्ये एका लिटर पेट्रोलच्या साधारण दीडपट ऊर्जा असते, म्हणून आकडा मोठा दिसतो. तुलना करायची ती किलोमीटरमागच्या रुपयांची.

माझा हिशेब असा होता. त्याच वर्गातली पेट्रोल गाडी माझ्या रस्त्यावर सोळा देईल, म्हणजे वर्षाचे एक लाख ६२ हजार. गॅसवर साडेबावीस मिळतील आणि किलोला ९० रुपये धरले, तर एक लाख. फरक वर्षाला ६२ हजार. कंपनीतून बसवून आलेली सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा साधारण ९० हजार ते एक लाखाने महाग. दीड-पावणेदोन वर्षांत फिटलं. भाव बदलतात, आपापल्या दिवसाचा घालून बघा. पण वर्षाला २५ हजार किलोमीटर असतील तर उत्तर फारसं हलत नाही. तेच ८ हजार किलोमीटर असतील तर फिटायला पाच वर्षं लागतात. मग डिकी गमावून काय मिळवलं?

या हिशेबात कोणी न धरलेली गोष्ट म्हणजे वेळ. साठ लिटरची टाकी म्हणतात तो पाण्याच्या मापाचा आकडा. प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो, तोही पंपावर प्रेशर नीट असेल तर. म्हणजे १८०-१९० किलोमीटर. माझ्या ९२ला दर दुसऱ्या दिवशी गॅस भरायचा. संध्याकाळी सातला रांगेत पंचवीस मिनिटं सहज जातात. महिन्याला बारा वेळा म्हणजे पाच तास. म्हणून गाडी घेण्याआधी एक आठवडा फक्त पंप बघा. आपल्या जायच्या बाजूला, म्हणजे यू-टर्न न घेता लागणारे किती आहेत, सकाळी सहाला उघडे असतात का, रांग रस्त्यावर येते का. मी आता पावणेसहाला निघतो, सहाला गॅस भरतो. त्या वेळी दोन रिक्षा आणि मी, एवढेच. प्रेशरही चांगलं असतं.

बाहेरून किट बसवून घ्यायचं असेल तर वॉरंटीचं काय होतं ते आधी विचारा, आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. नोंद नसलेल्या किटच्या गाडीला अपघात झाला तर क्लेमच्या वेळी तोंड कुठे लपवायचं हा प्रश्न येतो. सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते, सेकंडहँड सीएनजी गाडी बघताना त्याची पट्टी वाचा. आणि गॅसवर चालते म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, आणि कोरड्या टाकीत आतला इंधनाचा पंप जळतो. हे एका शेजाऱ्याने करून दाखवलं आहे.

गॅसवर ताकद दहा-बारा टक्क्यांनी कमी होते. एकटे जाणार असाल तर कळतही नाही. चौघं पूल करून, एसी लावून, कात्रज किंवा खंबाटकीचा चढ रोज असेल तर कळतं. शिरवळकडे जाणाऱ्यांनी हे मनात धरावं.

इलेक्ट्रिकचं माझ्या बाबतीत एकाच गोष्टीवर फाटलं, आमच्या सोसायटीचं पार्किंग मेकॅनिकल आहे, वर-खाली सरकणारं. तिथे चार्जर लावता येत नाही. नाहीतर रोजचे ठरलेले ९२ किलोमीटर, रात्री घरी उभी, याहून चांगलं गिऱ्हाईक इलेक्ट्रिक गाडीला मिळणार नाही. छोटी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला सातेक किलोमीटर जाते असं धरलं तर वर्षाला साडेतीन हजारांवर युनिट लागतात, चार्जिंगमधली गळती धरून चार हजारांच्या जवळ. इथे लोक चुकतात ते महावितरणच्या बिलात. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. घराचे महिन्याला दोनशे युनिट असतील आणि त्यावर गाडीचे तीनशे-सव्वातीनशे आले, तर गाडीची बरीचशी वीज वरच्या महागड्या टप्प्यांत पडते. हिशेब घराच्या पहिल्या टप्प्याच्या दराने करून चालत नाही. गाडीसाठी वेगळं मीटर मिळतं का, ते बुकिंगच्या आधी विचारा. आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या. "करून टाका हो, काही हरकत नाही" म्हणणारे चेअरमन पुढच्या सर्वसाधारण सभेत बदलतात.

ज्यांना घरी चार्जिंग नाही आणि जे म्हणतात "रोज बाहेर करू", त्यांना माझं स्पष्ट मत: रोज लांब जाणाऱ्याने हे करू नये. बाहेरच्या वेगवान चार्जिंगचा युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि सीएनजीच्या रांगेची जागा चार्जरची रांग घेते.

हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीत, नावाने फसायला होतं. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही गाड्या सौम्य आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या, २७.९७ हा गाजलेला आकडा स्ट्राँगचा आहे. सौम्य हायब्रिड सिग्नलला इंजिन बंद करते आणि उठताना थोडा हात लावते, चाकं एकट्या बॅटरीवर फिरवत नाही. स्ट्राँग फिरवते. तिची खरी कमाल थांबत-चालत जाणाऱ्या गर्दीत दिसते, कारण दर ब्रेकला वाया जाणारी ऊर्जा ती परत बॅटरीत घालते. नाशिक फाटा ते चाकण हा तिच्यासाठी काढलेला रस्ता आहे. पण तुम्ही पहाटे निघून यवत-कुरकुंभकडे सरळ ८०च्या वेगाने जात असाल, तर ब्रेक लागणारच नाही आणि फरक बराच कमी होईल. गर्दीत साध्या पेट्रोलला १३ आणि हिला २१ धरले तर वर्षाला ७६ हजार वाचतात. किमतीत चार लाखांचा फरक असेल तर पाच वर्षं.

डिझेलबद्दल फार लिहीत नाही. मारुतीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल बंद केल्यापासून छोट्या गाड्यांतून ते जवळपास संपलंच, आणि भावातला फरकही आता तेरा-चौदा रुपयांवर आलाय. बीएस ६, म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला साफ करायला काही मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाने धाव मागतो. तुमचा सगळा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरचा असेल तर दिवा लागतो, आणि तो दिवा स्वस्त नसतो. एक मात्र सांगायला हवं. दहा वर्षांवरच्या डिझेलची धास्ती हा दिल्ली परिसराचा प्रश्न आहे. तिथून इकडे स्वस्तात आलेल्या गाड्या दाखवल्या जातात तेव्हा एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पुन्हा पासिंग हे सगळं धरून किंमत काढा. स्वस्ताई बरीच आटते.

मोकळ्या रस्त्यावरची टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाले शनिवारी सकाळी अकराला बोलावतात आणि तीन किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता फिरवून आणतात. त्यात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. मी दोन वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्या सेल्फ ड्राइव्ह भाड्याने घेतल्या, प्रत्येकी दोन दिवस, आणि त्यांनी चक्क कामावर गेलो. भाडं आणि इंधन धरून काही हजार गेले. दहा लाखांच्या निर्णयात ते काहीच नाही.

पहिली गाडी कागदावर माझी लाडकी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोशीच्या पुलाआधीच माझ्या लक्षात आलं की डावा गुडघा क्लचवर नीट वाकत नाहीये, सीट खाली जात नाही आणि स्टिअरिंग पुढे-मागे होत नाही. पाच मिनिटांच्या फेरीत हे कळणं शक्यच नव्हतं. चाळीस किलोमीटरनंतर पाठीने सांगितलं. तिचं ॲव्हरेज उत्तम होतं, पण वर्षाकाठी जवळपास साडेपाचशे वेळा त्या सीटवर बसायचं होतं.

क्लचवरून आठवलं. "ऑटोमॅटिक म्हणजे ॲव्हरेज गेलं" हे अजूनही ऐकू येतं. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र चालवतं. २०२४च्या डिझायरचे अधिकृत आकडे बघा: मॅन्युअल २४.७९, एएमटी २५.७१. आपल्यातले बहुतेक जण गर्दीत हाफ क्लचवर जे करतात त्यापेक्षा यंत्र शहाणं वागतं. एएमटी गिअर बदलताना मान हलवते हे खरं आहे, आणि काहींना ते अजिबात चालत नाही. म्हणूनच भाड्याने चालवून बघा. माझं मत विचाराल तर रोज दोन तास गर्दीत काढणाऱ्याने गुडघ्याचा खर्चही हिशेबात धरावा.

बुकिंगच्या टेबलावर

वॉरंटी वर्षांत वाचू नका, किलोमीटरमध्ये वाचा. "तीन वर्षं किंवा एक लाख, जे आधी होईल ते" असेल तर तुम्हाला तीन वर्षं पुरी मिळतील. "दोन वर्षं किंवा ४० हजार" असेल तर तुमची वॉरंटी विसाव्या महिन्यात संपली. सर्व्हिसिंगही तसंच. दर दहा हजारांना असेल तर वर्षातून अडीच वेळा. सर्व्हिस सेंटर घराजवळ किंवा कामाजवळ असू द्या, गाडी सोडून रिक्षाने फिरायला लागू नये.

वरच्या व्हेरिएंटला मोठी आणि रुंद चाकं येतात. दिसायला छान, पण ॲव्हरेजला थोडी मारतात आणि टायर महाग. २५ हजाराच्या वापरात दोन वर्षांत टायर बदलावे लागतात, तेव्हा त्याची किंमत कळते.

सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर, म्हणजे १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेलवर, जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्यांवर ४० आणि इलेक्ट्रिकवर ५. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून किमतींची तुलना करत बसू नका. सेकंडहँडच्या किमतीही त्याच्यामागे हलल्या आहेत. आणि सेकंडहँड घेताना मीटरवर विश्वास ठेवण्याआधी सर्व्हिसिंगची नोंद मागा. मीटरवर ३८ हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, अशी एक गाडी मला एका एजंटने हडपसरला दाखवली होती. स्टिअरिंगला नवंकोरं कव्हर चढवलेलं. मी कव्हर काढून दाखवा म्हटल्यावर त्यांना अचानक फोन आला.

नवी गाडीच कमी देते?

पहिल्या महिन्यात हमखास. घाबरून सर्व्हिस सेंटरला धावण्याआधी हवा तपासा. दोन्ही बाजूंनी चुकलेली असते: कधी गोदामात उभी म्हणून जास्त भरलेली, कधी कोणी बघितलेलीच नाही. दाराच्या पट्टीवर लिहिलेला आकडा ठेवा, सकाळी टायर थंड असताना. पहिले दोन-तीन हजार किलोमीटर इंजिनही मोकळं होत असतं. त्यानंतरही कमीच वाटलं तर तीन टाक्यांचा हिशेब वहीत घेऊन जा. "देत नाही" असं तोंडी म्हटलं तर "सवय होईल" असं उत्तर मिळतं; लिहिलेले लिटर समोर ठेवले की जॉब कार्ड उघडतं.

आणि आपला उजवा पाय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे बायपासवर ८० आणि १००मधला फरक वहीत स्पष्ट दिसतो. वारजे ते वाकड या तेरा-चौदा किलोमीटरमध्ये १०० ने जाऊन दोन मिनिटं वाचतात, आणि ती वाकडच्या पुलाखाली परत जातात.

जुन्या गाडीचे कागद

नवीन आली की जुनीकडे पाठ फिरते, आणि इथेच पैसे सांडतात. पाच वर्षं क्लेम न घेतल्याने जमलेला ५० टक्के नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तो नव्या गाडीच्या विम्यात, ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर, लागतो. शोरूममध्ये हे आपणहून कोणी सांगेलच असं नाही; मी विचारलं तेव्हा "हो, होतं तसं" म्हणाले आणि विम्याचा आकडा काही हजारांनी उतरला. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, आरसीवर नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन बघा.

माझी जुनी गाडी एका ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनी घेतली. "आठवड्यात नावावर करतो" म्हणाले, मीही मागे लागलो नाही. दोन महिन्यांनी सकाळी सहाला गॅसच्या रांगेत उभा असताना मोबाईलवर चलनाचा मेसेज आला: नवले पूल, सीटबेल्ट नाही, एमएच १२. फोटोत गाडी माझीच होती, मागच्या काचेवर आमच्या मुलीने चिकटवलेलं ससा-कासवाचं स्टिकरसुद्धा तसंच. मी फोन केला तर पलीकडून उत्साहाने म्हणाले, "अहो, फारच छान गाडी दिलीत! सोळा देते."